पावसाळ्यात औषधाआधी कोंबडीचं पोट सांभाळा

गगनबावडा, राधानगरी, आजरा भागात आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. शेडमध्ये अंथरलेलं तूस ओल धरतं, कोंबड्यांची शीट (विष्ठा) पातळ होते, वजन अडतं आणि लगेच अँटिबायोटिकची बाटली उघडली जाते. माझी कळकळीची विनंती आहे, बाटलीआधी तूस बघा. मूठभर तूस दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. किंचित चिकटून फुटला तर ठीक.

ओल्या लिटरमध्ये, म्हणजे अंथरलेल्या तुसात, कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवींची अंडी रोग लावण्याजोगी होतात, पोटात गेल्यावर ते आतड्याचं अस्तर फाडतात आणि तिथं क्लॉस्ट्रिडियम या घातक जिवाणूला वाव मिळतो. त्याला अडवणारी फौज पोटातच असते. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू आम्ल तयार करून घातक जंतूंना जागा देत नाहीत. आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन बंद पिशव्यांतले जिवाणू ब्युटिरेट नावाचं पोषक द्रव्य तयार करतात, त्यावर अस्तराच्या पेशी पोसतात. अस्तर धड असेल तरच खाल्लेलं खाद्य अंगी लागतं. सरसकट अँटिबायोटिकनं ही फौजही मरते.

परसातल्या गावरान पिल्लांना आईमागं उकिरडा उकरतानाच हे जिवाणू मिळतात. हॅचरीच्या पिल्लाला आई दिसतच नाही. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू दिल्यावर पिल्लांमध्ये साल्मोनेला या रोगजंतूला सहज थारा मिळत नाही. म्हणून प्रोबायोटिक, म्हणजे असे चांगले जिवाणू असलेली पावडर किंवा द्रव, द्यायचं तर पहिल्या दिवसापासून द्या.

खरी चूक पाण्यात होते. पावसाळ्यात पाण्यात क्लोरीन हवंच, पण त्याच पाण्यात प्रोबायोटिक टाकलं तर जिवाणू टाकीतच मरतात. त्यापेक्षा खाद्यातून द्या. पाण्यातूनच द्यायचं असेल तर क्लोरीनचा जोर मोडायला लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर आधी मिसळा, १५-२० मिनिटं थांबा, मग प्रोबायोटिक टाका आणि दोन-तीन तासांत संपेल एवढंच पाणी करा. घरचं ताक कोंबड्यांना पाणी पाजणाऱ्या निपलच्या पाईपमध्ये सोडू नका. आत बुळबुळीत थर बसतो आणि त्यात नको ते जंतू वाढतात.

पडदे पूर्ण बंद करू नका, वरून फूटभर फट ठेवा. डोळे चुरचुरले तर अमोनिया साचलाय असं समजा. निपलखालचं ओल धरलेलं तूस रोज काढा आणि कोरडं टाका. बुरशी आलेला मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आणखी एक, गडद तपकिरी, चिकट शीट दिसली की काहीजण घाबरतात. दिवसातून काही वेळा अशी शीट पडतेच, ती त्या बंद पिशव्यांतली असते. ती पिवळट, फेसाळ झाली, किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. मेलेली कोंबडी पुरू नका, आधी शवविच्छेदन करून घ्या. अँटिबायोटिक लागलंच तर त्यांनी सांगितलेला कोर्स पुरा करा, विक्रीआधी सांगितलेले दिवस थांबा आणि कोर्स संपल्यावर प्रोबायोटिक पुन्हा चालू करा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कुणी दिलं तर घेऊ नका. माणसाच्या अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे.