सोलेनॉइड व्हॉल्व्हचा विद्युत नॉइज कॉइलपाशीच कसा थांबवावा

घरगुती सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेवर कोरणाऱ्या यंत्रावर) चुरा उडवण्यासाठी हवेचा झोत लावला आणि तो चालू-बंद करायला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (कॉइलच्या चुंबकाने चालणारा व्हॉल्व्ह) बसवला, की अनेकांना एक चमत्कारिक अनुभव येतो. काम सुरळीत चाललेले असते, व्हॉल्व्ह बंद झाल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो आणि त्याच क्षणी जीआरबीएल हे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर ‘अलार्म 1’ दाखवून यंत्र जागच्या जागी थांबवते, जणू एखादा अक्ष टोकाच्या लिमिट स्विचवर जाऊन आदळला आहे. नाशिकमधल्या माझ्या गॅरेजातल्या यंत्रावर हे घडू लागले तेव्हा मी आधी दोन लिमिट स्विच बदलले, मग त्यांच्या वायर बदलल्या आणि त्यात एक अख्खा रविवार घालवला. स्विच मात्र पहिल्यापासून ठणठणीत होते.

अलार्म व्हॉल्व्ह चालू होताना न येता बंद होताना येतो, यातच खरी खूण आहे. कॉइलमधून प्रवाह वाहत असताना तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते आणि प्रवाह अचानक तोडला की ती ऊर्जा बाहेर पडायला वाट शोधते. त्यामुळे कॉइलच्या टोकांवरचा विद्युतदाब उलट दिशेने क्षणार्धात शेकडो व्होल्टपर्यंत चढतो, व्हॉल्व्ह चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते आणि व्हॉल्व्हची लांबलचक वायर अँटेनासारखी वागू लागते. केबल चेनमध्ये तिला खेटून लिमिट स्विचची वायर असते आणि जीआरबीएल चालवणाऱ्या आर्डुइनो उनो बोर्डाचा आतला पुल-अप (लिमिटच्या पिनला 5 व्होल्टकडे ओढून धरणारा रोध) 20 ते 50 किलोओहमचा, म्हणजे फारच दुबळा असतो. एवढासा झटकाही त्या पिनला स्विच दाबला गेल्यासारखा वाटतो.

निदान पक्के करण्यासाठी स्पिंडल बंद ठेवावा, अक्ष हलवू नयेत आणि एम8 (व्हॉल्व्ह चालू), जी4 पी1 (एक सेकंद थांबा), एम9 (व्हॉल्व्ह बंद), जी4 पी1 या चार ओळी वीस-पंचवीस वेळा चालवाव्यात. अलार्म एम9 च्या वेळीच येत असेल तर चोर सापडला. तरीही खात्री नसेल, तर कॉइलचा प्लग काढून तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवावा. रिले वाजत राहतो आणि अलार्म येत नाही, असे दिसले की संशयाला जागा उरत नाही.

आता कॉइलवरचा छाप वाचावा आणि ही पायरी कंटाळा करून टाळू नये. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघालेले व्हॉल्व्ह आपल्याकडे भंगारात स्वस्तात मिळतात. दिसायला सगळे सारखेच असले तरी एक 24 व्होल्ट डीसी, दुसरा 110 व्होल्ट एसी आणि तिसरा 230 व्होल्ट एसी निघू शकतो. पुढे सांगितलेला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) फक्त डीसी कॉइलसाठी आहे. एसी कॉइलला तो लावला तर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात थेट शॉर्ट होईल.

डीसी कॉइलसाठी 1एन4007 हा काही रुपयांचा डायोड पुरतो. त्याची पांढरी पट्टी असलेली बाजू प्लसला आणि दुसरी मायनसला, असा तो कॉइलच्या समांतर लावायचा असतो, म्हणजे पुरवठा तोडल्यावर कॉइलचा प्रवाह त्यातूनच फिरून ओसरतो. तो बोर्डाजवळ लावला तर बोर्ड वाचतो, पण कॉइलचा हा प्रवाह दीड-दोन मीटर वायरमधूनच फिरत राहतो; म्हणून त्याची जागा कॉइलपाशीच. निळ्या रिले मॉड्यूलवर आधीच डायोड असतो, अशी अनेकांची समजूत असते. तो असतो खरा, पण रिलेच्या स्वतःच्या कॉइलसाठी. व्हॉल्व्हला त्याचा काहीच उपयोग नाही.

बहुतेक व्हॉल्व्हवर चौकोनी डिन प्लग असतो. पुरवठा बंद करून मधला लांब स्क्रू काढावा, प्लग उपसावा आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरने आतला काळा ठोकळा खाचेतून उचकटावा. त्यावर 1 आणि 2 असे आकडे दिसतात, शिवाय अर्थिंगचा पाय वेगळा असतो. डायोडच्या पायांवर हीटश्रिंक स्लीव्ह चढवून ते 1 आणि 2 च्या स्क्रूखाली वायरसोबत आवळावेत आणि प्लसची वायर पट्टीच्या बाजूलाच येते ना, हे पाहावे. डायोड मल्टिमीटरने तपासायचा तो प्लग कॉइलवर चढवण्यापूर्वी, कारण 24 व्होल्ट, 4.8 वॅटच्या कॉइलचा रोध जेमतेम 120 ओहम असतो आणि ती जोडलेली असली की मीटर दोन्ही दिशांना जवळजवळ शून्यच दाखवतो.

पहिल्यांदा पुरवठा देताना मी सीरिजमध्ये ट्रकच्या इंडिकेटरचा 24 व्होल्ट, 21 वॅटचा दिवा लावतो. डायोड उलटा बसला असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि बाकी काही जळत नाही. सुलटा असेल तर दिवा जवळजवळ विझलेलाच राहतो आणि व्हॉल्व्ह वाजतो.

डायोडमुळे कॉइलमधला प्रवाह सावकाश ओसरतो, म्हणून व्हॉल्व्ह सुटायला किंचित उशीर होतो. हवेच्या झोताला त्याने फरक पडत नाही. टूल पकडणारा सिलिंडर असेल तर पडू शकतो. तिथे डायोडऐवजी पी6केई36सीए हा दोन्ही दिशांचा टीव्हीएस (विद्युतदाब ठरावीक मर्यादेवर रोखणारा भाग) लावावा, मात्र मग रिलेऐवजी मॉस्फेट ट्रान्झिस्टर स्विच करत असेल तर त्याला 100 व्होल्ट सोसता आले पाहिजेत. 50 व्होल्टच्या यूएलएन2003 या ड्रायव्हर चिपवर हा प्रयोग करू नये.

230 व्होल्टच्या कॉइलला 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरड यांचा सीरिजमधला स्नबर (झटका शोषणारी जोडी) समांतर लावतात. कपॅसिटर 275 व्होल्ट एसीचा, एक्स2 वर्गाचाच (थेट मेन्सवर लावण्यासाठी बनवलेला) हवा. साधा घेऊ नये. हा स्नबर रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावला तर रिले उघडा असतानाही त्यातून सुमारे 7 मिलिअँपिअर प्रवाह झिरपतो आणि छोटी कॉइल गुणगुणत राहू शकते. खरे तर हौशी यंत्रावर 230 व्होल्टची कॉइल वापरूच नये, असे माझे मत आहे. अनेक व्हॉल्व्हची कॉइल बदलून 24 व्होल्ट डीसीची बसवता येते.

एवढ्याने बहुतेकांचा त्रास संपतो. राहिलाच, तर व्हॉल्व्हच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन लिमिटच्या वायरींपासून वेगळ्या मार्गाने न्याव्यात. लिमिटला शिल्डेड केबल वापरून तिची जाळी फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थ करावी आणि लिमिट पिनला 5 व्होल्टकडे 4.7 किलोओहम व ग्राउंडकडे 0.1 मायक्रोफॅरड द्यावा. $21=0 करून हार्ड लिमिट बंद करणे हा उपाय नव्हे; तसे केल्यास खरोखर अक्ष आदळेल तेव्हा यंत्र थांबणार नाही.

शेवटी तोच चार ओळींचा प्रोग्रॅम पुन्हा पन्नासएक वेळा चालवावा, या वेळी स्पिंडल पूर्ण वेगाने फिरत असताना आणि मध्येच कॉम्प्रेसर आपणहून सुरू होईपर्यंत.