कॅरमच्या पावडरवरून बोरिक अ‍ॅसिडचं बॉन्डिंग कसं समजून घ्यायचं

नीटवाले पोट्टे बोरिक अ‍ॅसिडचे गुण नुसते पाठ करून राहतात अन् पेपरात तिथेच फसतात. पाठ नका करू राजेहो, नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून कॅरमची पावडर आणा. पाकिटावर बोरिक अ‍ॅसिड लिहिलंय का ते बघून घ्या, सगळ्या पाकिटांत तेच असते असं नाही.

पहिले वहीत चित्र काढा. मधात बोरॉन, त्याच्याजवळ बाहेरचे इलेक्ट्रॉन तीनच, ते तीन ओएचला (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) लावले की भोवती सहाच होतात, आठ काही होत नाही. म्हणून एसपी२ (एक एस अन् दोन पी ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन राहायच्या जागा, मिसळून), तिन्ही ऑक्सिजन एका सपाटीत, १२० अंशावर, अन् एक पी ऑर्बिटल रिकामं. हे रिकामं ऑर्बिटल पेन्सिलीने चांगलं मोठं काढा, बरंचसं त्याच्यातूनच निघते. ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी तिकडे थोडी सरकवतो, म्हणून बी-ओ बॉन्ड साध्या सिंगल बॉन्डपेक्षा जरा आखूड असतो.

आता बाजूला असेच चार-पाच रेणू काढा अन् ओएच-ओएच हायड्रोजन बॉन्डने जोडत चला, सपाट चादर तयार होते. चादरीवर चादर असते पण मधात साधारण ३.२ अँगस्ट्रॉमचं अंतर अन् नुसतं व्हॅन डर वाल्सचं (रेणू-रेणूतलं कमजोर) ओढणं, त्याच्यामुळे एक चादर दुसरीवर घसरते, चिमूटभर बोटांत चोळून पाहा म्हणजे स्ट्रायकर का पळतो ते कळते.

जुन्या ग्लासात (खायचा-प्यायचा नको, अन् नंतर हात धुवा, पोटात जायला नको ही पावडर) अर्धा ग्लास उकळत्या पाण्यात दोन चमचे टाका, विरघळते. थंड झालं की चमकदार पापुद्रे खाली बसतात. हे डिसेंबरात मस्त दिसते, मे मधे आपल्याकडे खोलीतलं पाणीच गरम, त्यामुळे पापुद्रे कमी पडतात.

वरचं पाणी खाण्याच्या सोड्यावर ओता. फेस नाही! लिंबू पिळा, लगेच फसफसते. बोरिकचा पीकेए (हा आकडा जितका मोठा तितकं आम्ल कमजोर) ९.२ च्या आसपास, कार्बोनिकचा ६.४, मग हा बिचारा कार्बन डायऑक्साइड कुठून काढणार. अन् तीन ओएच दिसले म्हणून ट्रायबेसिक (तीन एच प्लस देणारं) टिक करू नका बे, हा स्वतःचा एच सोडतच नाही, रिकाम्या ऑर्बिटलमधे पाण्याचा ओएच मायनस घेतो अन् पाण्याचा एच प्लस मोकळा होतो. म्हणजे मोनोबेसिक (एकच एच प्लस), अन् इलेक्ट्रॉनची जोडी घेतो म्हणून लुईस अ‍ॅसिड, अन् ओएच घेतल्यावर बोरॉन एसपी३ होतो, चार ओएच.

प्रॅक्टिकलला सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन (थेंबथेंब टाकून आम्ल किती ते मोजणं) असेल तर आधी ग्लिसरीन टाका. त्याच्याशी बोरॉनचा कॉम्प्लेक्स बनतो, अ‍ॅसिड बरंच जोरदार होते अन् फिनॉल्फ्थॅलीनचा (रंग बदलून दाखवणारं इंडिकेटर) गुलाबी रंग एकदम येतो. ग्लिसरीन नाही टाकलं तर रंग हळूहळू चढत राहते अन् एंड पॉइंट कुठे धरायचा तेच समजत नाही.