शिंगराचं वजन: किती वाढू द्यायचं, कुठे आवरायचं

शिंगरू गोलमटोल दिसलं की बघणारा खूश होतो. मी मात्र आधी त्याचे पाय बघते. गुडघ्याच्या वर आणि खुराच्या वरच्या सांध्याभोवती सूज आहे का, पाय सरळ पडतोय का, चालताना पाऊल आखडतंय का, हे पाहिल्याशिवाय मी कुणाच्याही शिंगराला ‘छान भरलंय’ असं म्हणत नाही. हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चा, म्हणजे अजून हाड न झालेला मऊ, लवचिक थर असतो. तो पक्का व्हायच्या आत अंगावर वजन चढलं तर त्याचा भार त्या कोवळ्या जागेवर येतो. सांध्यातला कूर्चा सुटा होणं, वाढीच्या पट्टीला सूज येणं, पायामागचे स्नायुबंध आखडून पाय ताठ उभा पडणं, हे सगळे त्रास झपाट्याने वाढणाऱ्या शिंगरांत जास्त दिसतात. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो, पण ती आपल्या हातात नाही. खुराक आहे.

म्हणून शिंगरू वाढवताना मी एकच गोष्ट धरून चालते: वाढ एकसारखी हवी. एक महिना उपाशीपोटी रखडायचं आणि पुढच्या महिन्यात भरपूर चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, घालून ते भरून काढायचं, हे सर्वांत वाईट. थोडं हळू वाढलेलं शिंगरूही शेवटी त्याच उंचीला पोहोचतं.

अंदाजासाठी हे आकडे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत. जन्मताना शिंगराचं वजन त्याच्या पुढच्या, म्हणजे पूर्ण वाढलेल्या घोड्याच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास असतं. सहा महिन्यांत ते साधारण ४३ टक्के होतं, वर्षात ६४, दीड वर्षात ७७ आणि दोन वर्षांत ८६ टक्के. मोठेपणी ५०० किलोचं होणारं शिंगरू सहा महिन्यांचं असताना २१५ किलोच्या आसपास आणि वर्षाचं असताना ३२० किलोच्या आसपास असावं. रोजची वाढही उतरत जाते: सहाव्या महिन्यात सुमारे ७०० ग्रॅम, वर्षाचं झाल्यावर ४५०, दीड वर्षाचं झाल्यावर ३००. शिंगरू पुढे किती मोठं होणार, ते आई-बापाच्या अंगावरून ठरवा. उंची वजनाच्या पुढे पळते. वर्षाचं शिंगरू उंचीने नव्वद टक्क्यांच्या वर झालेलं असतं, त्यामुळे ते लांबलचक पायांचं आणि किडकिडीत दिसणारच. मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच झाला म्हणून घाबरू नका. पुढचा भाग नंतर वर येतो.

आता मोजणी. वजनकाटा असेल तर उत्तमच. नसेल तर शिंप्याकडे असतो तसा कापडी टेप पुरे. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून, आयाळ संपते त्या उंचवट्यामागून घ्यायचा, श्वास सोडल्यावर. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून नितंबाच्या मागच्या टोकापर्यंत. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग करून लांबीने गुणा आणि वर्षाच्या शिंगरासाठी १०,९०० ने भागा. नुकतंच दूध तोडलेल्यासाठी १०,१०० ने, पूर्ण घोड्यासाठी ११,९०० ने. घेर १५५ आणि लांबी १४५ आली तर वर्षाच्या शिंगराचं वजन ३२० किलोच्या जवळ निघतं. हा अंदाज आहे, काट्याइतका नेमका नाही. पण त्याच माणसाने, त्याच वेळी, त्याच टेपने दर पंधरा दिवसांनी मोजलं तर वाढीची दिशा अगदी स्पष्ट कळते, आणि आपल्याला दिशाच हवी असते. सकाळी चंदीच्या आधी मोजा. शिंगरू टेपला बुजत असेल तर आधी काही दिवस खरारा करताना टेप नुसता पाठीवर टाकून ठेवा.

टेपबरोबर हात लावणं आलंच. १ (अगदी हाडकुळं) ते ९ (फार लठ्ठ) अशी अंगकाठीची एक मोजपट्टी १९८३ मध्ये घोड्यांचे अभ्यासक डॉन हेनेके यांनी मांडली, ती आजही सगळीकडे वापरतात. वाढत्या शिंगराला मी ५ च्या आसपास ठेवते: बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटं हलकी फिरवली की एकेक मोजता येते. बरगड्या शोधायला बोटं दाबावी लागली, शेपटीच्या मुळाशी मऊ गादी लागली, मानेचा वरचा काठ जाड झाला, की चरबी साठतेय. पोटावरून काहीही ठरवू नका. निकृष्ट वैरण आणि जंत यांनी पोट सुटतं आणि त्याच शिंगराच्या पाठीवर मांस नसतं. असं शिंगरू लोकांना लठ्ठ वाटतं, आणि प्रत्यक्षात ते कुपोषित असतं.

खुराकाचा पाया वैरण. एकूण कोरडा आहार वजनाच्या २ ते २.५ टक्के धरा. आईचं दूध साधारण दुसऱ्या महिन्यात सर्वांत जास्त असतं आणि पुढे शिंगराची गरज त्याच्या पुढे जाते, म्हणून तेव्हापासून त्याला आईपासून वेगळ्या जागी, तिचं तोंड पोहोचणार नाही अशा ठिकाणी थोडी चंदी द्यायला लागते. वयाच्या दर महिन्याला रोज अर्धा किलोपर्यंत, म्हणजे चार महिन्यांच्या शिंगराला जास्तीत जास्त दोन किलो, ही माझी वरची मर्यादा. घोडी दुधाळ आणि कुरण चांगलं असेल तर तेवढीही लागत नाही. दूध चौथ्या ते सहाव्या महिन्यात तोडावं, पण त्याआधी शिंगराला चंदी आणि वैरण नीट खायची सवय झालेली हवी. नाहीतर दूध सुटताच वजन घसरतं, आणि घसरलेलं भरून काढायच्या नादात मघाशी म्हटलेला झटपट वाढीचा घोळ सुरू होतो.

वर्षाच्या, ३२० किलोच्या शिंगरासाठी माझं रोजचं गणित असं: साडेपाच किलो चांगलं वाळलेलं गवत, दीड किलो वाळलेला लसूणघास, एक किलो ओट, ४०० ग्रॅम सोयाबीनची पेंड, घोड्यांसाठीचं खनिज मिश्रण आणि चाटायला मीठ. यातून ऊर्जा, साडेआठशे ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि ३८ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम अशी गरज भागते. पेंड कशाला, तर लायसिनसाठी. या प्रथिनघटकाची कमतरता वाढ सर्वांत आधी अडवते, आणि ओटात तो फार थोडा असतो.

चंदी मापट्याने मोजू नका, तोलून घ्या. एका डब्यात मावणारा मका त्याच डब्यातल्या ओटापेक्षा बराच जड असतो आणि किलोमागे ऊर्जाही जास्त देतो. त्याच डब्याने ओटाऐवजी मका घातला तर ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. माझ्याकडच्या एका कुमैत शिंगीच्या, म्हणजे मादी शिंगराच्या, वाढीची रेघ अचानक वर गेली तेव्हा कारण इतकंच निघालं होतं: धान्य बदललं, डबा तोच राहिला. चंदीचे दिवसातून दोन-तीन वाटे करा, एका वेळी वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त धान्य कधीही नको. घोड्याचं जठर लहान. न पचलेला स्टार्च मागच्या आतड्यात गेला की तिथे आंबतो, आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह मागे लागतो. कोणताही नवा खुराक सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला.

कॅल्शियम आणि फॉस्फरसचा हिशेब मी सर्वांत जपून करते. कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट हवं, उलटं तर कधीच नको. गव्हाचा कोंडा हलका, पचायला बरा म्हणून लोक भरपूर घालतात. एका किलो कोंड्यात फॉस्फरस ११ ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम दीड ग्रॅम असतं. रोज तो वाढीव घातला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायला लागतं. चेहऱ्याची हाडं फुगणं ही त्याची पुढची अवस्था. सर्वच धान्यांत फॉस्फरस वरचढ असतो, लसूणघास तो तोल सावरतो. उष्ण प्रदेशातल्या काही गवतांमध्ये ऑक्झॅलेट जास्त असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. तिथे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून तुमच्या गवताची तपासणी करून पशुवैद्यांच्या सल्ल्याने चुनखडीची पूड द्यावी लागते. तांबं आणि जस्त खनिज मिश्रणातून येतं. जस्त तांब्याच्या तीन-चार पट असावं. एकावर एक तीन मिश्रणं मात्र देऊ नका, त्यांतलं सेलेनियम हे खनिज जास्त झालं तर विषारी ठरतं.

शिंगरू जड झालं तर काय करायचं, यावर मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. लोक घाबरून सगळाच खुराक तोडतात: चंदी बंद, पेंड बंद, मिश्रण बंद, नुसतं सुकं गवत. वजन थांबतं, पण हाड आणि स्नायूही उपाशी राहतात. त्याला ऊर्जा कमी हवी असते, प्रथिनं आणि खनिजं नव्हे. वरच्या गणितातून ओट काढा. पेंड, लसूणघास आणि खनिज मिश्रण तसंच ठेवा. गवत फार कोवळं, गोड असेल तर जरा जून झाल्यावर कापलेलं गवत मिसळा. प्रथिनांमुळे सांधे बिघडतात ही जुनी समजूत अजून ऐकू येते. दोष असतो तो जादा ऊर्जेचा आणि स्टार्चचा. वाढत्या शिंगराचं वजन उतरवायचं नसतं. रोजची वाढ कमी करायची आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. दर पंधरवड्याला टेप लावत राहा, बरगड्या पुन्हा बोटांना लागेपर्यंत.

बारीक शिंगराला आधी चंदी वाढवू नका, आधी लीद तपासून घ्या. वर्षाच्या आतल्या शिंगरांत मोठे गोल जंत खूप असतात, आणि आतड्यात त्यांचा भार जास्त असताना एकदम जालीम औषध दिलं तर मेलेल्या जंतांचा बोळा अडकू शकतो. औषध आणि मात्रा पशुवैद्याने ठरवलेली बरी. दात, पाणी, आणि कळपात बाकीचे त्याला खाऊ देतात का, तेही बघा. माझ्याकडे बहुतेक वेळा हे शेवटचंच कारण निघतं, आणि दोन गव्हाण्या लांब लांब ठेवल्या की प्रश्न सुटतो. हे सगळं ठीक असेल तर आधी गवताचा दर्जा सुधारा, मग लसूणघास वाढवा, ओट सर्वांत शेवटी.

गाई-कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या गव्हाणीत कधीही पडू देऊ नका. त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असू शकतं आणि ते घोड्याला थोड्या मात्रेतही जिवावर बेततं. पोती वेगळ्या खोलीत ठेवा, घमेलीही वेगळी.

हालचालही खुराकाइतकीच लागते. दिवसभर मोकळं फिरणाऱ्या शिंगराचं हाड घट्ट होतं. तबेल्यात कोंडून ठेवलेल्याचं तसं होत नाही. वजन उतरवायला त्याला दोरीवर गोल गोल पळवणं मात्र टाळा, त्या वळणांचा सगळा ताण त्याच कोवळ्या सांध्यांवर पडतो.

पाय अचानक उभा पडायला लागला, सांध्याच्या वर कडक, गरम फुगवटा आला किंवा शिंगरू लंगडलं, तर त्याच दिवशी ओट बंद करा आणि पशुवैद्याला बोलवा. ते आले की त्यांच्यासमोर वजनाची वही, खुराकाचं तोललेलं माप आणि मिश्रणाच्या पिशवीवरचं लेबल ठेवा. निम्मं निदान तिथेच होतं. दोन वर्षांनंतर वाढ मंदावते, तेव्हा टेप महिन्यातून एकदा लावला तरी चालतो.