मिनी पीसीसाठी रॅम आणि एसएसडी घेताना या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या कामाच्या टेबलावर गेल्या दोन-तीन वर्षांत जे मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्यातले डेस्कटॉप संगणक, आले, त्यांपैकी बहुतेकांना खरे तर कोणताही आजार नव्हता. रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि एसएसडी (फाइलींची कायमची साठवण) यांच्याशिवाय विकला जाणारा, ज्याला दुकानदार ‘बेअरबोन’ म्हणतात तो डबा स्वस्तात पडतो, उरलेले दोन भाग आपण घरीच बसवू असे ठरते, सेलच्या रात्री घाईघाईने ऑर्डर जाते आणि पुढच्या रविवारी तो डबा पिशवीत घालून माझ्याकडे आणला जातो. सोबत एकच वाक्य असते : ‘मशीनच खराब निघाले.’ मशीन खराब निघाल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकतो. चुकीचा भाग घेतल्याचे प्रसंग मोजणे मी केव्हाच सोडून दिले आहे.

एम.२ दिसले की घेतले

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे केवळ ‘एम.२’ हे शब्द वाचून एसएसडी विकत घेणे. एम.२ हे आकाराचे आणि सॉकेटचे नाव आहे. त्या सॉकेटमधून माहिती जुन्या, संथ साटा पद्धतीने जाणार की पीसीआयई या वेगवान मार्गावरून एनव्हीएमई पद्धतीने, हे बोर्ड बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. ठाणे स्थानकात उभ्या असलेल्या सगळ्या लोकल दिसायला सारख्याच असतात, म्हणून कल्याणच्या गाडीत बसून वाशीला पोहोचता येत नाही.

ऐरोलीचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा गेल्या जुलैमध्ये भर पावसात आला. त्याची ५१२ जीबीची एम.२ एसएसडी स्लॉटमध्ये नीट बसली होती, स्क्रूही लागला होता. पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, तिचा पत्ता नव्हता. माझ्याकडे येण्यापूर्वीच्या चार दिवसांत त्याने तीन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार केले होते, बोर्डावरचा छोटा सेल काढून पुन्हा लावला होता, बायोसची नवी आवृत्ती चढवली होती (त्या मिनिटाला वीज गेली असती, तर तो खरोखरच बंद पडलेले मशीन घेऊन आला असता) आणि शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून एसएसडीचे सोनेरी टोक खोडरबराने घासले होते. ‘काका, स्लॉटच गेलाय, मी परत पाठवतो,’ असे तो म्हणाला. मी एसएसडी काढून दिव्याखाली धरली. सोनेरी टोकाला दोन खाचा होत्या आणि लेबलच्या अगदी तळाशी, वॉरंटीच्या मजकुराखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘साटा’ असे छापलेले होते. त्याच्या मशीनचा तो स्लॉट फक्त एनव्हीएमईचा होता. टेबलावर पडून असलेली २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी मी लावून दाखवली, तेव्हा बायोसमध्ये तिचे नाव लगेच उमटले. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

येथे अर्धवट ज्ञानही नडते. दोन खाचा म्हणजे साटा आणि एक खाच म्हणजे एनव्हीएमई, असा नियम अनेकांनी पाठ केला आहे. परंतु पीसीआयईच्या दोन लेनवर, म्हणजे माहितीच्या दोन मार्गिकांवर, चालणाऱ्या काही एनव्हीएमई एसएसडींनाही दोन खाचा असतात, त्यामुळे खाच पाहून संशय घ्यावा, निर्णय मात्र लेबल वाचूनच करावा. काही मशीनमध्ये दोन स्लॉट असतात आणि त्यांपैकी एक एनव्हीएमईचा, तर दुसरा, बहुधा आखूड, फक्त साटाचा असतो. लांबीही तपासावी लागते : २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, २२४२ म्हणजे ४२ मिलिमीटर लांब. वाय-फाय कार्डाचा छोटा स्लॉट रिकामा दिसला म्हणून त्यात एसएसडी लावण्याचा विचार तर मनातही आणू नये.

माझी सवय अशी आहे की आधी तळाचे झाकण उघडून स्लॉटचे फोनवर फोटो काढायचे, बोर्डावर स्लॉटशेजारी जे छापलेले असेल ते वहीत उतरवायचे, मग त्या नेमक्या मॉडेलचे मॅन्युअल वाचायचे आणि त्यानंतरच लॅमिंग्टन रोडची वाट धरायची किंवा ऑनलाइन ऑर्डर द्यायची. यात वीस मिनिटे जातात. ज्यांना ही वीस मिनिटे फुकट गेल्यासारखी वाटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. ते तसेही रविवारी येणारच असतात.

वेगाच्या आकड्यांना भुलून पैसे घालवणे ही याच चुकीची धाकटी बहीण होय. इंटेलच्या २०२३ मधील एन१०० प्रोसेसरला पीसीआयई ३.० च्या एकूण ९ लेन आहेत. लॅन, वाय-फाय आणि एसएसडी यांना त्यातच भागवायचे असते, म्हणून कित्येक मशीनमध्ये एसएसडीच्या वाट्याला दोन किंवा एकच लेन येते, आणि ३.० ची, म्हणजे तिसऱ्या पिढीची, एक लेन सेकंदाला जेमतेम १ जीबी वाहून नेते. तेथे ७,००० एमबी प्रतिसेकंदाची एसएसडी लावणे म्हणजे संध्याकाळी सात वाजता घोडबंदर रोडवर स्पोर्ट्स कार काढणे आहे.

रॅमच्या बाबतीत

मिनी पीसीला जवळजवळ नेहमीच लॅपटॉपची आखूड रॅम लागते, डेस्कटॉपची लांब पट्टी नव्हे. हे वाक्य अजूनही लिहावे लागते याचेच मला वाईट वाटते. लॅपटॉपच्या डीडीआर४ या जुन्या पिढीच्या रॅमला २६० पिना असतात आणि डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमला २६२, एकीला १.२ व्होल्ट लागतात, दुसरीला १.१, दोघींची खाच वेगळ्या जागी असते. योग्य रॅम तिरकी आत सरकते आणि खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून लागतात. अंगठ्याचा जोर लावावा लागत असेल, तर तेथेच थांबावे.

एकाच प्रोसेसरचे मिनी पीसी डीडीआर४, डीडीआर५ आणि बोर्डावरच सोल्डर केलेली एलपीडीडीआर५ अशा तिन्ही रूपांत मिळतात, त्यामुळे ‘मित्राकडे एन१०० आहे आणि त्याला ही रॅम चालते’ हा युक्तिवाद कामाचा नाही. सोल्डर केलेली असेल, तर वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही. ती घेतानाच पुरेशी घ्यावी. एन१०० ला इंटेलने अधिकृतपणे १६ जीबीची मर्यादा घातली आहे. अनेकांच्या मशीनवर ३२ जीबीची पट्टी चालते हे मला ठाऊक आहे, तरी ज्या मशीनची जबाबदारी माझ्यावर येणार असते, त्यात मी ती घालत नाही.

एएमडीच्या रायझनसारखा प्रोसेसर आणि रॅमचे दोन स्लॉट असतील, तर मात्र ‘सध्या १६ ची एक टाकू, दुसरी दिवाळीला पाहू’ असे करू नये. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच हिस्सा घेते. डीडीआर५-५६०० ची एक पट्टी सेकंदाला ४४.८ जीबी माहिती देऊ शकते आणि दोन पट्ट्या मिळून ८९.६ जीबी. गेम अडखळतात म्हणून प्रोसेसरला शिव्या घालणाऱ्यांपैकी अनेकांच्या मशीनमध्ये एक स्लॉट रिकामा असतो. त्यांनी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या असत्या, तरी १६ च्या एकट्या पट्टीपेक्षा ते सुखी राहिले असते. एन१०० चे बरोबर उलटे आहे; तो एकाच चॅनलवर, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर, चालतो, तेव्हा दुसरा स्लॉट का नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता उतावळेपणाविषयी. नवी डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा चालू केलेले मशीन रॅमशी जुळवणी करत काही मिनिटे काळ्या पडद्यावर थांबू शकते. पंखा फिरतो, दिवा लागलेला असतो आणि पडद्यावर काहीच नसते. उतावळा माणूस तिसाव्या सेकंदाला बटण दाबून धरतो, पुन्हा चालू करतो आणि जुळवणी पहिल्यापासून सुरू होते. मग रॅम काढ, घाल, फुंकर मार हे प्रयोग होतात. मी या वेळात चहा टाकतो. चहा पिऊन होईपर्यंत पडदा उजळला नाही, तरच स्क्रूड्रायव्हरला हात लावतो.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकल्यामुळे वापरलेली रॅम घेणारे वाढले आहेत. त्यात वावगे काही नाही, मात्र अशी रॅम मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर रात्रभर चालवावी आणि सकाळी एक जरी त्रुटी दिसली, तरी ती विकणाऱ्याला परत करावी. ‘एकच तर आहे’ ही सबब ऐकून घेऊ नये.

स्वस्त टेराबाइट

वाशीचे एक लग्नसमारंभांचे छायाचित्रकार आहेत. त्यांनी मिनी पीसीत २ टीबीची एसएसडी लावली होती आणि त्यांची तक्रार अशी होती की लग्नाचे चित्रीकरण कॉपी करताना ‘मशीन मधेच झोपते’. त्यांनी आधी केबल बदलली, मग व्हायरसचा संशय घेऊन दोन अँटीव्हायरस घातले. मी त्यांच्यासमोरच साडेचारशे जीबीचे फोल्डर बाहेरच्या वेगवान एसएसडीवरून कॉपीला लावले. सुरुवातीला विंडोजच्या हिरव्या आलेखाची रेघ सेकंदाला ९०० एमबीच्या आसपास सपाट चालली होती. काही वेळाने ती एकदम कोसळली आणि ८०-९० एमबीवर येऊन शेवटपर्यंत तेथेच सरपटत राहिली. क्रिस्टलडिस्कइन्फो या एसएसडीची प्रकृती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान ५८ अंश होते, म्हणजे दोष उष्णतेचा नव्हता.

ती एसएसडी क्यूएलसी प्रकारची होती. त्यात एका पेशीत चार बिट साठवतात, टीएलसीमध्ये तीन. चार बिट लिहायला वेळ लागतो, म्हणून एसएसडी मोकळ्या जागेचा काही भाग एकेरी बिटाच्या पद्धतीने वापरून माहिती आधी तेथे पटापट उतरवून घेते आणि निवांतपणे नंतर हलवते. ती जागा संपली की खरा वेग उघडा पडतो, आणि तो जुन्या हार्डडिस्कलाही लाजवत नाही. शिवाय एसएसडी जसजशी भरत जाते, तसतशी ही तात्पुरती जागाही आकसते. त्यांची तर तीन चतुर्थांश भरलेली होती. उष्णतेचा त्रास असता, तर वेग तापमानाबरोबर वरखाली झाला असता. येथे मशीन रात्रभर स्वस्थ ठेवल्यावर सकाळी वेग परत आला, त्यावरून निदान पक्के झाले. मी त्यांना १ टीबीची टीएलसी एसएसडी कामासाठी दिली आणि जुनी संपलेल्या कामांच्या साठवणीला लावली.

क्यूएलसीचा मी शत्रू नाही. बिले, ईमेल आणि मुलांचा अभ्यास यांसाठी ती पुरते. पण घेण्यापूर्वी तांत्रिक तक्त्यातला टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीत किती टेराबाइट लेखन धरले आहे, तो आकडा पाहावा. क्रुशियलच्या पी३ या क्यूएलसी मालिकेत १ टीबीला तो २२० आहे, तर सॅमसंगच्या ९७० ईव्हीओ प्लस या टीएलसी मालिकेत त्याच क्षमतेला ६००. ज्या विक्रेत्याच्या पानावर हा आकडाच नसतो, त्याच्याकडून मी काही घेत नाही. अनोळखी नावाची, अविश्वसनीय भावात मिळणारी २ टीबी एसएसडी घेतलीच असेल, तर पहिल्याच दिवशी एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने ती पूर्ण भरून वाचून पाहावी. छापलेल्या क्षमतेपैकी खरी किती, ते कळते. १ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते ती मात्र फसवणूक नसून मोजमापातला फरक आहे, त्यासाठी फोन करू नये.

किरकोळ, पण रोजच्या

एसएसडीची उष्णता बाहेर नेणाऱ्या थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म सोलून काढावी. ती तशीच ठेवून ‘एसएसडी तापते’ म्हणणारे महिन्याला एक तरी भेटतात. मिनी पीसी टीव्ही युनिटच्या बंद खणात ठेवू नये, मे महिन्यात तर नाहीच. लॅपटॉपसारखी बॅटरी येथे नसते, तेव्हा पहिल्या पावसात वीज ये-जा करू लागण्याआधी छोटा यूपीएस घ्यावा.

राहिला एसएसडीचा स्क्रू. दोन मिलिमीटर जाडीचा हा स्क्रू काही मशीनमध्ये बोर्डावरच लावलेला येतो, काहींत छोट्या पुडीत येतो, आणि ती पुडी खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. मग एसएसडीचे मोकळे टोक चिकटपट्टीने दाबून बसवतात, पट्टी उष्णतेने सुटते आणि एसएसडी अधूनमधून गायब होऊ लागते. माझ्याकडे जुन्या फिल्म रोलची एक डबी अशा स्क्रूंनी भरलेली असते. त्याचे मी पैसे घेत नाही. चिकटपट्टीचा गोंद पुसायचे घेतो.