देशी का इम्पोर्टेड? छोट्या गाड्या जमवायच्या तर भाव अन् माल असा ताडून बगा

खेळण्यातल्या छोट्या गाड्या जमवायला लागलेलं कुणी भेटलं, मग ते लातूरचं असो का नांदेडचं, पहिला प्रश्न ठरलेला असतो. दादा, इंडियन घेऊ का इम्पोर्टेड? माझं उत्तर पण ठरलेलं, आधी गाडी उलटी कर आणि बुडाला काय लिहिलंय ते वाच. कारण दुकानात "हे इम्पोर्टेड, हे लोकल" असं जे चाललेलं असतं ना, ते बऱ्याचदा पॅकिंग बघून चाललेलं असतं, माल बघून नाही.

हॉट व्हील्सचंच घ्या. कंपनी अमेरिकेची, मॅटेल, 1968 पासूनची, पण आपल्या हातात येणारी साधी गाडी बहुतेक मलेशियाची असते. माजोरेट फ्रान्सचं नाव, बनतं थायलंडात. टोमिका जपानचं, बुडाला व्हिएतनाम. मिनी जीटी चीनमधे बनतं आणि फिनिशिंगमधे वरच्या तिघांना पण मागं टाकतं. मग "चायनाचं आहे म्हणजे टुकार" आणि "जपानी क्वालिटी" ही दोन्ही वाक्यं काय कामाची सांगा. देश सोडा. तीन गोष्टी सारख्या असतील तरच दोन गाड्यांची तुलना होते, स्केल, धातू का प्लास्टिक, आणि घरी येईपर्यंत पडलेली एकूण किंमत.

स्केलपासून सुरू करू कारण इथंच जास्त घोळ होतो. 1:64 म्हणजे खऱ्या गाडीच्या लांबीला 64 नं भागायचं. मारुती 800 साधारण 3335 मिलिमीटर, भागलं की 52 मिलिमीटर. अ‍ॅम्बेसेडर 4.3 मीटरच्या आसपास, म्हणजे 67 मिलिमीटर. आणि आपली एसटी अकरा मीटर धरली तरी 17 सेंटिमीटरच्या वर जाते. आता हॉट व्हील्समधली एखादी बस घ्या आणि पट्टी लावा, सातआठ सेंटिमीटरच भरंल, कारण तिथं गाडी पाकिटात बसली पाहिजे हा हिशोब असतो, बारकी कार फुगवायची आणि बस आखडायची. याला जमवणारे बॉक्स स्केल म्हणतात. टोमिकाचं पण तसंच, फक्त ते प्रामाणिकपणे बुडाला स्केल छापतात, एका गाडीवर 1:57 असतो तर दुसरीवर 1:66. मिनी जीटी मात्र खरोखर 1:64 च्या जवळ राहतं. देशी प्लास्टिकच्या गाड्या, सेंटीसारख्या, यांच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असतात. म्हणून "एवढ्याच पैशात सेंटीची केवढी मोठी गाडी येते" ही तुलनाच होत नाही. पट्टी खिशात ठेवा, लाजायचं काम नाही, लातूरच्या गंजगोलाईत दुकानदार हसला तर हसू द्या.

आता धातू. डायकास्ट म्हणजे लोखंड नाही, जस्ताचा मिश्रधातू असतो, झमाक म्हणतात त्याला, आणि त्याला चुंबक चिकटत नाही. हे एवढ्यासाठी सांगायलो की पोरं चुंबक घेऊन दुकानात जातात आणि "चिकटलं नाही म्हणजे प्लास्टिक" म्हणून चांगली गाडी ठेवून येतात. चिकटलंच तर चाकाच्या दांड्याला चिकटंल, ती पोलादाची असते. त्यापेक्षा गाडी हातात धरा, नखानं टिचकी मारा, प्लास्टिकचा आवाज बद्द येतो आणि धातू हाताला गार लागतो (मे महिन्यात संभाजीनगरात काहीच गार लागत नाही ते सोडा). वरचं बॉडी धातूचं आणि बूड प्लास्टिकचं, हे हॉट व्हील्सच्या साध्या रेंजमधे सर्रास असतं. दोन्ही धातूचं असलं तर वजन लगेच कळतं, आणि अशा गाडीला थोडा जास्त भाव देणं मला पटतं. सराफाच्या काट्यावर तोलायची काही गरज नाही, हातच सांगतो.

माल बघताना मी या क्रमानं बघतो. आधी चाकं. टेबलावर सोडली की सरळ जाती का एका अंगाला वळती, चारही चाकं टेकली का एक हवेत हाय. मग छपाई, म्हणजे दिवे, नंबर प्लेट, बाजूच्या रेषा. याला टॅम्पो म्हणतात. छपाई दिव्याच्या खाचेत बसली पाहिजे, एक डोळा वर आणि एक डोळा खाली असली गाडी घेऊ नका, दुकानात तसल्याच पाचपंचवीस गाड्या असतात, दुसरी बघा. मग रंग, उजेडात तिरकी धरून, संत्र्याच्या सालीसारखे खवले दिसले तर थर नीट बसलेला नाही. मग काचा, मग बुडाचा रिव्हेट, म्हणजे बूड आणि बॉडी जोडणारी खिळी. या परीक्षेत खरं सांगायचं तर दोनशेच्या आतबाहेरची हॉट व्हील्स पण दर वेळी पास होत नाही. माजोरेट तेवढ्यात किंवा थोड्या जास्तीत दरवाजा उघडणारी, स्प्रिंग असलेली गाडी देतं, त्यामुळं माल म्हणून मला माजोरेट उजवं वाटतं. पण विकायला काढलं तर गिऱ्हाईक हॉट व्हील्सलाच जास्त मिळतं, हे पण तितकंच खरं. हजाराच्या वर गेलं की मिनी जीटीसारख्यात रबरी टायर, वेगळे लावलेले आरसे, आतल्या सीटपर्यंत काम. तिथं देशी माल स्पर्धेतच नाही, उगं अभिमानापोटी खोटं काहून बोलायचं.

मग देशी घ्यायचंच कशाला? विषयासाठी. अ‍ॅम्बेसेडर, ऑटो, मालट्रक, आपल्याकडची जीप, ट्रॅक्टर, हे सेंटीवाले मागं ओढून सोडायच्या गाड्यांत बनवतात. प्लास्टिकचं असतं, सांध्यावर फट दिसते, पण तीनचाकी ऑटोचं टप्पर त्यांनी ज्या नजरेनं केलेलं असतं ते बाहेरचा माणूस करतच नाही, आणि ट्रकच्या मागं लिहिलेलं पण आपलंच असतं. लाल परी तर हातानं बनवणारी माणसं हायेत महाराष्ट्रात, डेपोचं नाव, पाटी, सगळं गिऱ्हाइकाच्या मर्जीनं. त्याचा भाव कारखान्याच्या मालाशी लावून बघू नका. तिथं स्केल विचारा, कशात बनवलंय विचारा (एमडीएफ, सनबोर्ड, पत्रा), आणि पाटीवर "परभणी" का "गंगाखेड" ते आधी सांगून ठेवा, नंतर भांडण नको.

अजून एक, देशी म्हणजे पुढं किंमत येत नाही हे डोक्यातून काढा. हॉट व्हील्स एकेकाळी इथंच भारतात लिओ मॅटेल नावानं बनत होत्या, त्या आज जमवणारे शोधत फिरतात. फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी 1987 ला एमआरएफ आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं मिळून सुरू केलेली, त्यांनी इथं बनवलेल्या जी. आय. जो नावाच्या फौजी बाहुल्या परदेशातले लोक मुद्दाम मागवतात, कारण इथं रंग आणि सुटे भाग वेगळेच जुळवलेले असायचे. त्यामुळं आत्याच्या माळ्यावर जुना डबा असंल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बगा.

आयएसआयचा शिक्का. यावरून लई गैरसमज. सरकारचा खेळण्यांच्या क्वालिटीचा आदेश 2020 चा, लागू झाला 1 जानेवारी 2021 पासून. 14 वर्षांच्या आतल्या पोरांच्या खेळण्यावर आयएसआय पाहिजेच, माल इथला असो का बाहेरचा. परदेशातल्या कारखान्याला पण बीआयएसचं लायसन्स घ्यावं लागतं. म्हणजे आयएसआय दिसला म्हणून गाडी भारतात बनली असं होत नाही, आणि शिक्का सांगतो तो सुरक्षेचं, विषारी रंग नाही, टोकदार कड नाही वगैरे, छपाई चांगली हाय का नाही ते तो सांगत नाही. महागड्या कलेक्टर गाड्यांच्या डब्यावर "14+" का लिहिलेलं असतं ते आता कळलं असंल. घरात बारकं लेकरू असंल तर खेळायच्या गाड्या आणि 14+ च्या गाड्या वेगवेगळ्या फळीवर ठेवा, आरसा तुटून नाकात जायला वेळ लागत नाही.

आता किंमत. बाहेरच्या गाड्या इथं महाग काहून, तर 2020 च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 20 टक्क्यांवरून 60 केली आणि 2023 ला 70. दर बजेटमधे बदलू शकतो, म्हणून स्वतः मागवणार असाल तर त्या दिवशीचा दर बगा. हिशोब असा मांडा: गाडीची किंमत, त्यात तिकडचं शिपिंग, या दोन्हीवर मिळून ड्युटी, त्यावर जीएसटी, वरून कुरिअरवाल्याचा हाताळणी चार्ज. एकच गाडी मागवली तर शिपिंगच गाडीच्या डोक्यावर बसतं, चारपाच जणांनी मिळून मागवलं तर माणशी कमी पडतं. "गिफ्ट लिहून पाठव म्हणजे ड्युटी नाही" हे जुनं झालं, डिसेंबर 2019 पासून ती सवलत राख्या, औषधं असल्या मोजक्या गोष्टींपुरतीच उरली. दुबईहून कुणाचा मामा येणार असंल तर त्याच्या बॅगेत दोनचार गाड्या, हे बऱ्याच जणांचं चालतं, फक्त मामाला आधी विचारा, दहा किलोचा डबा देऊ नका.

दुकानात घेताना कार्डावरचं, म्हणजे गाडीमागच्या पुठ्ठ्यावरचं, स्टिकर वाचा. आणणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं, महिना-वर्ष आणि एमआरपी हे पाहिजे. स्टिकरच नसलेला "इम्पोर्टेड" माल म्हणजे एकतर मागच्या दारानं आलेला नाहीतर नक्कल. एमआरपीपेक्षा जास्त दुकानदाराला लावता येत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर विकणारी पोरं दोनशेची गाडी पाचशेला सांगतात, अन् कारण एकच, "रेअर हाय भाऊ". तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारा.

एक, साल कशावरून सांगतोस? हॉट व्हील्सच्या बुडाला गोलातल्या सी समोर जे साल असतं ते त्या साच्याचं असतं, ती गाडी बनल्याचं नाही. एखादीवर 1998 लिहिलेलं असतं आणि ती मागच्या वर्षीच मलेशियातून निघालेली असते. खरं साल बघायचं तर बुडावर छापलेला बारीक कोड बगा, एक अक्षर आणि दोन आकडे, अक्षर म्हणजे वर्ष, आकडे म्हणजे त्या वर्षातला आठवडा.

दोन, ट्रेझर हंट कुठली? म्हणजे हॉट व्हील्सवाले मधूनच कमी संख्येनं सोडतात त्या गाड्या. साध्या ट्रेझर हंटच्या गाडीवर गोलातल्या ज्वाळेचं चिन्ह असतं. सुपर म्हणजे चकाकता स्पेक्ट्राफ्लेम रंग, रबरी टायर, आणि गाडीच्या मागं कार्डावर गोलातल्या ज्वाळेचं सोनेरी चिन्ह. नुसते रबरी टायर बघून पैसे देऊ नका, टायर बदलून विकणारे पण हायेत.

तीन, कार्ड लांब का आखूड? लांब कार्ड अमेरिकेच्या बाजाराचं, आखूड बाकी जगाचं, आपल्याकडं आखूड भरपूर आलेलं. आत गाडी तीच असते. काही जण लांब कार्डाला जास्त मोजतात. गाडी पाकिटातून काढून ठेवणार असाल तर तो जास्तीचा पैसा वाया.

प्री-ऑर्डरला पूर्ण पैसे आधी देऊ नका. टोकन द्यायचं, बिल मागायचं, आणि पार्सल आलं की कात्री लावायच्या आधी मोबाईल चालू करून व्हिडिओ काढायचा, चारही बाजू दाखवून. तालुक्याच्या गावाला पार्सल दोन ठिकाणी उतरतं-चढतं, कार्डाचा कोपरा दुमडतोच, म्हणून विकणाऱ्याला "कडक डब्यात पाठव, पॉलिथिनमधे नको" हे लिहून पाठवा, फोनवर बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही.

राहिलं ठेवायचं. आपल्याकडच्या 42-43 डिग्रीत पत्र्याखाली ठेवलेल्या ब्लिस्टरचा (कार्डावर चिकटवलेलं, गाडी झाकणारं प्लास्टिक) गोंद सुटतो, कार्ड वाकतं, पारदर्शक प्लास्टिक पिवळं पडतं. उन्हात उभ्या केलेल्या कारच्या डिकीत तर ठेवूच नका. एमआरपीचं स्टिकर काढायचं असंल तर हेअर ड्रायरची कोमट हवा, सावकाश एका कोपऱ्यापासून, कार्डाचा कागद सुटायला लागला की थांबा. आणि बिल नाहीतर स्टिकरचा फोटो आधी काढून ठेवा, कारण विकताना गिऱ्हाईक तेच पहिलं मागतं.