भंडारदऱ्याला ट्रेक, कॅम्प, बोटिंग : या चुका टाळा

सप्टेंबरात एकदा सकाळी सात वाजता रतनवाडीतून निघालो, तेव्हा ओढ्याला घोटाभर पाणी होतं. बूट काढायचा कंटाळा, म्हणून दगडांवरून उड्या मारत पलीकडे गेलो. दुपारी साडेतीनला रतनगड उतरून त्याच जागी आलो तर दगड गायब. पाणी मांडीच्या वर, चहाच्या रंगाचं, आणि आतून गोटे गडगडल्याचा आवाज. पलीकडे गुरं घेऊन एक आजोबा उभे होते. ते ओरडून सांगत होते, "गावात थेंब नाही पडला. वर पडलाय. बसा गुमान!" बसलो. पावणेदोन तासांनी पाणी गुडघ्याखाली उतरलं, तेव्हा एकेक करून आलो. दोघांची कसाऱ्याहून लोकल चुकली आणि त्यांनी महिनाभर मला तोंड दाखवलं नाही, पण ते चालतं.

भंडारदरा म्हणजे कळसूबाई, रतनगड, सांदण दरी आणि मधे पसरलेला जलाशय. इथे येणारा प्रत्येक जण उंचीला घाबरतो. मी पाहिलेल्या फजित्या मात्र बहुतेक घड्याळाच्या आणि पंचांगाच्या होत्या: जागा बरोबर, महिना चुकला, महिना बरोबर, तास चुकला.

ओढा वाढल्यावर घाई करणे

आधी ओढ्याचंच पुरं करतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. घाटघर–रतनवाडी हा पट्टा नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून ओळखला जातो. कातळावर माती थोडी, त्यामुळे पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ खाली येतं. रतनगडाच्या वाटेवर सुरुवातीच्या जंगलात हे पाणी ओलांडावंच लागतं. उगमाजवळची ही प्रवराच.

चुकीचा विचार असा असतो: "अंधार पडायच्या आत जाऊ या, सगळे हात धरा." मांडीभर वेगाच्या पाण्यात साखळीतला एक घसरला की तिघांना घेऊन जातो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली किंवा दगड सरकल्याचा आवाज आला, की थांबायचं. असे छोटे ओढे जितक्या पटकन चढतात तितक्याच पटकन उतरतात. वरचा पाऊस थांबल्यावर बहुधा दोनेक तासांत. म्हणून सॅकमध्ये टॉर्च, एक कोरडा टी-शर्ट आणि थोडं जास्तीचं खाणं असलं की बसून राहायचं धाडस होतं. बसायलाही धाडस लागतं, हे ग्रुप सांभाळणाऱ्याला पटेल. पाणी उतरल्यावर ओलांडतानाही सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर ती झटकन टाकता येते. कमरेला दोर बांधून कुणाला पाण्यात उतरवू नका. पडलेला माणूस दोराला ताणून पाण्याखाली दाबला जातो.

फक्त आभाळाकडे बघणे

रंधा धबधब्याजवळ कडक ऊन पडलंय म्हणून पात्रात उतरणारे दर वर्षी दिसतात. हा धबधबा भंडारदरा धरणाच्या खालच्या अंगाला आहे. तिथलं पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगावर अवलंबून नसतं, धरणातून सोडलेल्या पाण्यावर, म्हणजे विसर्गावर असतं. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट आहे, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी ते 15 ऑगस्टच्या आसपास भरतं. नेमकी त्याच सुमाराला सुट्ट्यांची गर्दी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. बातमीत "5,000 क्युसेक विसर्ग" वाचलं की सेकंदाला 1 लाख 40 हजार लिटर पाणी डोळ्यांसमोर आणा. निघायच्या दिवशी सकाळी विसर्गाचा आकडा बघा, धरणाजवळच्या शेंडी गावात चहा घेताना विचारा, आणि धरणाचा भोंगा ऐकू आला तर फोटो अर्धा टाकून वर या.

जुलैमध्ये सूर्योदय

कळसूबाई 1,646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. रात्री दोनला पायथ्याच्या बारी गावातून चढायचं आणि माथ्यावर सूर्योदय बघायचा, ही जाहिरात पावसाळ्यातही चालते. जुलैमध्ये माथ्यावर सूर्य कुठला, शेजारचा माणूस दिसत नाही! वाट्याला येतो तो अंधार, चिखल आणि शिड्यांपाशी तास-तास रांग. रांगेत उभं राहिलं की घाम थंड होतो, वारा सुटतो आणि जीन्स घातलेली मंडळी कुडकुडायला लागतात. दात वाजणं, मग बोलणं अडखळणं, बोटांनी चेन न लागणं: इथवर आलं की ती नुसती थंडी राहिलेली नसते. त्या माणसाला आडोशाला घ्या, ओले कपडे बदला, डोकं झाका, गोड गरम काहीतरी पाजा आणि सोबत देऊन खाली आणा. "चल, चाललास की गरम होशील" म्हणत वर ओढू नका.

शिडीवर पाय लटपटायला लागले तर दोन्ही हातांनी कठडा धरा, कपाळ शिडीला टेकवा, दहा श्वास घ्या. मागचे लोक थांबतील. उतरताना तोंड शिडीकडेच हवं. पायऱ्यांसारखं पुढे तोंड करून उतरणारे बहुधा शेवटच्या चार फुटांत घसरतात. सूर्योदयच हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. रविवार टाळलात तर शिडी तुमच्या एकट्याची.

सांदणमध्ये "बघू, नाही जमलं तर परत फिरू"

साम्रद गावाला लागूनच जमीन दुभंगल्यासारखी ही घळ सुरू होते. साधारण दोन किलोमीटर लांब, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील इतकी अरुंद. सुरुवातीच्या पाणवठ्यांपर्यंत जाऊन परत येणं आणि पूर्ण दरी उतरणं, या दोन वेगळ्या सहली आहेत. पहिल्या रॅपलिंगनंतर (दोरावरून कडा उतरल्यावर) दोर खाली ओढून घेतला की मागची वाट संपते. पुढे जमो न जमो, कोकणाच्या बाजूला उतरावंच लागतं. हा निर्णय दोर लावायच्या आधी घ्यायचा, लोंबकळताना नाही.

पावसाळ्यात ही दरी म्हणजे पन्हाळ, तेव्हा आत जायचंच नाही. पण अवकाळी पाऊस विसरू नका. एप्रिलमध्ये एकदा आम्ही तोंडाशी पोचलो होतो, ऊन लख्ख. सोबतचे साम्रदचे दादा रतनगडाकडे बघून म्हणाले, "आज वरपर्यंतच करू. ढग बसलाय." आम्हाला ढग दिसलासुद्धा नव्हता. दुपारी दोनला गावात गारा पडल्या.

रॅपलिंगला रांगेत उभे असताना सेल्फी बाजूला ठेवून स्वतःचा हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, तपासा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर हवा, जीन्सच्या बेल्टच्या जागी नको, आणि पट्टा व पोट यांत सपाट बोटं जेमतेम जावीत. एका ठिकाणी माझ्या पुढच्या मुलीचा मांडीचा पट्टा पीळ पडलेला होता आणि कॅरॅबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक फिरवलेलंच नव्हतं. वर बसलेल्या मुलाने "काही होत नाही ताई" म्हणत अंगठ्याने ते फिरवलं. त्याला तीन सेकंद लागले. दुसरा सुरक्षेचा दोर, म्हणजे बिले, नसेल तर नम्रपणे बाजूला व्हा. पैसे गेले तर गेले. केस, ओढणी, दुपट्टा टी-शर्टच्या आत. तरीही काही डिसेंडरमध्ये, म्हणजे दोराचा वेग आवरणाऱ्या धातूच्या साधनात, अडकलं तर ब्रेकचा हात सोडायचा नाही. वर ओरडून सांगायचं, ते बिलेवर वजन घेतात आणि मग सुटतं. घाबरून माणूस नेमका तोच हात सोडवायला नेतो.

लाइफ जॅकेट शोभेला

जलाशयावर कयाक घेताना जॅकेट मिळतं, घातलंही जातं, पण बकलं मोकळी. घातल्यावर मित्राला दोन्ही खांद्यांचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर पाण्यात ते तरंगेल आणि तुम्ही त्याखाली असाल. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट आवळून चालत नाही. मापाचं नसेल तर काठावर बसून भेळ खा.

दुसरी चूक वाऱ्याची. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा घाटमाथ्यावरून पाण्यावर उतरतो. त्याच्या संगतीने गेलं की वाटतं, आपण काय मस्त वल्हवतोय! परतताना कळतं. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, दमलात की वारा घरी आणतो. आणि अकराच्या आत उरका. कयाक उलटली तर ती सोडून काठाकडे पोहू नका. उलटी कयाक तरंगते आणि लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. तिला धरून शिट्टी वाजवा.

आणि पोहणं? पोहायला येतं म्हणून धरणात उतरणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडून दिलंय. फक्त सांगतो: हा तलाव नाही, बुडालेली दरी आहे. काठाला गुडघाभर पाणी, पुढच्या पावलाला तळ नाही, मधे गाळ. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी न टाकता दोर, ओढणी, रिकामा पाण्याचा कॅन, जे हाताला लागेल ते फेका.

काजव्यांच्या रात्री

मे अखेर ते जूनची सुरुवात, घाटघर, पांजरे, मुतखेल बाजूला हिरडा-सादड्याची झाडं लुकलुकत असतात. जोरदार पाऊस लागला की खेळ संपला, म्हणून पंधरा जूननंतरचं बुकिंग म्हणजे जुगार. हा भाग 1986 पासून कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. वन खात्याच्या नाक्यावर वेळा सांगतात, त्या पाळा. काजव्यांचं लुकलुकणं हे जोडीदाराला दिलेलं बोलावणं. त्यात हेडलाइट आणि फ्लॅश मारला की झाडच विझतं. गाडी लांब लावा, दिवे बंद करा, दहा मिनिटं काळोखात उभे राहा. गवतात शिरू नका, मादी काजवे आणि अळ्या जमिनीलगत असतात. सापही.

तंबू पाण्याच्या कडेला

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणी खूप खाली गेलेलं असतं आणि सपाट हिरवी जागा दिसते. ती जलाशयाचा तळ आहे. रात्री वर पाऊस झाला तर सकाळी पाणी दारात. ओली-सुकी रेष बघा आणि तिच्या वर तंबू लावा, एकट्या उंच झाडाखाली नको. तंबूत शेगडी तर अजिबात नको, थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन झोपणारे गुदमरतात.

बुकिंग करताना न विचारणे

राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. फोनवर तीन गोष्टी विचारा: नोंदणी आहे का, सोबत प्रथमोपचार येणारा कोण आहे, आणि पाऊस आला तर पर्यायी बेत काय. तिसऱ्या प्रश्नाला "नाही येणार हो पाऊस" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

घाटात रेंज तुटक असते. नकाशा आधी उतरवून ठेवा आणि कुठल्या वाटेने, किती वाजता परत, हे घरी एका माणसाला लिहून पाठवा. अडचण आली तर 112. डोंगरात अडकलात तर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर निघण्याआधी सेव्ह करा. आणि फोन लागला की पहिल्या वाक्यात जागा सांगा: गाव, वाट, जवळची खूण. बॅटरी दोन टक्क्यांवर असताना "हॅलो, ऐकू येतंय का" यातच ती संपते.