प्लॅब २ : आठ मिनिटांची केस बसवायची कशी

आपल्याकडे एमबीबीएस करून ब्रिटनमध्ये काम करू पाहणाऱ्या बहुतेक डॉक्टरांना तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची प्लॅब परीक्षा द्यावी लागते. पहिला भाग १८० बहुपर्यायी प्रश्नांचा असतो आणि तो मुंबईतही देता येतो. दुसरा भाग प्रत्यक्ष कौशल्याचा. तो फक्त मँचेस्टरला होतो आणि पहिला भाग पास झाल्यापासून २ वर्षांच्या आत द्यावा लागतो. त्यासाठी साधा व्हिजिटर व्हिसा चालतो.

प्लॅब २ मध्ये १६ केसेस असतात. दाराबाहेर दीड मिनिट माहिती वाचायची, आत आठ मिनिटे. सहा मिनिटे झाली की दोन मिनिटे उरल्याची सूचना होते. आत बसलेला पेशंट हा तयार केलेला कलाकार असतो, कधी त्याच्या जागी मॅनिकिन (माणसासारखा पुतळा) असते, कधी फक्त फोन. परीक्षक बाजूला बसून बघतो. अपेक्षा असते ती फाउंडेशन प्रोग्रॅमच्या (पदवीनंतरच्या तिथल्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाला सुरुवात करणाऱ्या डॉक्टरची, कन्सल्टंटची नाही.

तयारीची दिशा मार्कांच्या वाटणीवरून ठरते. प्रत्येक केसला तीन भागांत ० ते ४ मार्क मिळतात : माहिती काढणे व तपासणी, उपचाराचे नियोजन, आणि पेशंटशी वागणे-बोलणे. म्हणजे सहा-सात मिनिटे उत्तम हिस्टरी (आजाराची विचारपूस) घेतली आणि नियोजन शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकले, तर बारापैकी चार मार्क जवळपास हातचे गेले. आपल्याकडचे हुशार डॉक्टर इथेच अडकतात. ज्ञान असते, पण ते बोलायला वेळ उरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम पाळा : 'दोन मिनिटे उरली' हे ऐकू येईल तेव्हा तुम्ही निदान सांगून नियोजनात शिरलेले असले पाहिजे. शक्यतो त्याच्याही मिनिटभर आधी.

एक केस, मिनिटामिनिटाने

दारावर लिहिले आहे : तुम्ही जीपी (फॅमिली डॉक्टर) क्लिनिकमध्ये डॉक्टर आहात. ६२ वर्षांच्या गृहस्थांचा काल सकाळी उजवा हात २० मिनिटे लुळा पडला होता, आता ठीक आहे. त्यांच्याशी बोला आणि पुढचे ठरवा.

दीड मिनिटात तीनच गोष्टी पक्क्या करायच्या : मी कुठे आहे, पेशंट कोण, माझ्याकडून नेमके काय मागितले आहे. 'कुठे' याला फार महत्त्व आहे. जीपीच्या खोलीत सीटी स्कॅन नसतो. तिथे 'लगेच सीटी करू' म्हणणारा उमेदवार त्या यंत्रणेत काम कसे चालते हे माहीत नसल्याचे दाखवून देतो.

पहिले मिनिट : नाव सांगा, त्यांना कसे संबोधलेले आवडेल ते विचारा, एक मोकळा प्रश्न टाका आणि गप्प बसा. ते बोलतील तोवर मध्ये पडू नका. निम्मी हिस्टरी त्यातच येते.

दुसरे ते चौथे मिनिट : हातच गेला की चेहरा आणि वाचाही? किती वेळ? डोके दुखले का? छातीत धडधड? मग बीपी, शुगर, सिगारेट, दारू. आणि एक प्रश्न चुकवून चालत नाही : रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असेल तर ॲस्पिरिन द्यायचे नाही, मेंदूतला रक्तस्राव नाही ना हे बघायला तातडीने हॉस्पिटलला पाठवायचे. याच वेळात त्यांना स्वतःला काय वाटते, कशाची धास्ती आहे ते विचारा. 'वडील लकव्याने गेले' हे वाक्य बाहेर पडले की तिथे थांबा, त्यावर बोला. पुढचा प्रश्न पाच सेकंद उशिरा आला तरी चालेल.

पाचव्या मिनिटात तपासणी. काय तपासणार, का, हे सांगून परवानगी घ्या. नाडी अनियमित आहे का, बीपी किती, हातापायांची ताकद, चेहरा. परीक्षक निष्कर्ष देईल तो ऐकून घ्या. दिला तरी आपलेच गृहीत धरून पुढे जाणारे कमी नाहीत.

उरलेली तीन मिनिटे सगळी नियोजनाची. हा ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला, हे सोप्या शब्दांत. ॲलर्जी किंवा दुसरी अडचण नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम आत्ताच. घटना गेल्या सात दिवसांच्या आतली असल्याने २४ तासांच्या आत तज्ज्ञांकडे. तिथे मानेच्या रक्तवाहिन्या तपासल्या जाऊ शकतात. एक महिना गाडी चालवायची नाही. पुन्हा हात, चेहरा किंवा बोलण्यात काही झाले तर वाट न बघता ९९९ या तिथल्या आपत्कालीन नंबरवर फोन. प्रत्येक मुद्द्यानंतर क्षणभर थांबा. 'गाडी बंद' म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला तर कारण विचारा. मुलीकडे जायचे असेल, नोकरीच ड्रायव्हिंगची असेल, आणि नोकरी लॉरी किंवा बसची असेल तर नियम आणखी कडक आहेत. तो मुद्दा केसमध्ये मुद्दाम पेरलेला असू शकतो.

घोकलेले वाक्य लगेच कळते

सहानुभूतीची वाक्ये पाठ करून जाऊ नका. पेशंट 'झोप लागत नाही' म्हणाला तरी 'आय ॲम सो सॉरी टू हिअर दॅट', कुत्रा मेला म्हणाला तरी तेच, असे झाले की परीक्षक त्याला साचेबद्ध मुलाखत म्हणतो. त्यापेक्षा पेशंटचाच शब्द उचला. 'रात्री तीनला जाग येते म्हणालात, मग काय करता?' यात ऐकल्याचा पुरावा आहे.

आपल्या सवयीही तपासा. 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' हे आपल्याकडे धीर देणे असते. तिथे ते तपासाआधीच दिलेले खोटे आश्वासन ठरते. नातेवाइकाला बाजूला घेऊन आधी त्याला सांगणे हा तिथे गोपनीयतेचा भंग आहे, मुलगा डॉक्टर असला तरी. व्हायरल सर्दीला पेशंटने हट्ट केला म्हणून अँटिबायोटिक लिहिणे चालत नाही. नाही म्हणायचे, कारण सांगायचे, आणि कशाने बिघडले तर परत यायचे तेही सांगायचे. आपण होकारार्थी डावी-उजवीकडे डोलावलेली मान तिकडे 'नाही' किंवा 'माहीत नाही' अशी वाचली जाते, म्हणून तोंडाने 'येस' म्हणा.

भाषेचा वेगळा सराव लागतो. 'लूज मोशन' तिथल्या पेशंटला कळत नाही, 'डायरिया' किंवा 'रनी पू' म्हणा. 'वॉटरवर्क्स' म्हणजे लघवी, 'पिन्स अँड नीडल्स' म्हणजे मुंग्या, 'पुअरली' म्हणजे आजारी. पेशंट 'अर्धा स्टोन उतरलो' म्हणाला तर ते साधारण तीन किलो, कारण एक स्टोन ६.३५ किलोचा. दारू युनिटमध्ये मोजतात. आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये असा सल्ला आहे, आणि साध्या बिअरच्या एका पाइंटमध्ये दोनच्या वर युनिट असतात. 'रोज दोन पाइंट' ऐकल्यावर हिशेब लगेच जमला पाहिजे.

मॅनिकिनवर

रक्त काढणे, कॅन्युला, कॅथेटर हे आपण हजारदा केलेले असते. म्हणूनच जुनी सवय आड येते. नाव व जन्मतारीख विचारून ओळख पटवा, ॲलर्जी विचारा, हात धुवा. क्लोरहेक्झिडिन-अल्कोहोलच्या पुसणीने ३० सेकंद घासा आणि वाळू द्या. वाळल्यावर त्या जागी बोट पुन्हा लावायचे नाही. शीर सापडेना म्हणून चाचपलीत, तर पुन्हा पुसा. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) असेल तर त्या बाटल्या आधी, त्यातही बटरफ्लाय (नळी जोडलेली सुई) वापरली तर एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंची) पहिली, कारण नळीतली हवा आधी बाहेर पडते आणि ती अनएरोबिक बाटलीत जाऊ नये. सुई काढण्याआधी टूर्निके (दंडाला बांधलेला पट्टा) सोडा. सुईला टोपण परत कधीच लावायचे नाही, शार्प्स बिन (वापरलेल्या सुयांचा डबा) हाताशी ठेवून थेट त्यात. नळ्यांवर लेबल पेशंटच्या शेजारीच. हे सगळे करताना तोंडही चालू हवे : आता टोचेल, दुखतंय का?

सराव

वाचन घटवा, बोलणे वाढवा. सहा ते आठ आठवडे, रोज दोन-तीन तास जोडीदाराबरोबर, मोबाइलवर आठ मिनिटांचा टायमर आणि सहाव्या मिनिटाला घंटा लावून. जोडीदार कायम एकच ठेवू नका, त्याला तुमचे प्रश्न पाठ होतात आणि तो न विचारताच उत्तरे देऊ लागतो. आठवड्यातून दोन केसेस रेकॉर्ड करा. ऐकताना दोनच गोष्टी मोजा : पहिल्या मिनिटात तुम्ही पेशंटला किती वेळा तोडले, आणि नियोजन कितव्या मिनिटाला सुरू झाले.

कोपराच्या खाली हात मोकळे ठेवायची सवय आताच लावा : बाह्या वर, मनगटी घड्याळ नाही, धागे-कडे नाही, अंगठी असलीच तर साधी.

तिथे निदान चार-पाच दिवस आधी पोचा. मँचेस्टर उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. तुमची पाळी दुपारची असेल तर संध्याकाळी पाचच्या केसला तुमचे शरीर रात्रीचे साडेनऊ-साडेदहा धरून बसलेले असेल. शेवटच्या दिवसांत सरावही त्याच घड्याळाने, त्याच वेळी करा.